मदत हवी आहे : पावसात शिह त्झू कुत्र्याचे केस किती कापावेत? (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे, आई तिथे एकटीच असते. जानेवारीत ओळखीचं एक कुटुंब परदेशी गेलं आणि त्यांचा ३ वर्षांचा शिह त्झू आमच्याकडे आला. आई आधी नकोच म्हणत होती. आता ती देवळात गेली की हा दाराकडे तोंड करून बसतो, आणि ती आल्याशिवाय ताटलीला तोंड लावत नाही.

पाऊस लागल्यापासून त्याचे केस वाळतच नाहीत. पोटाखाली, कानामागे गुठळ्या झाल्यात, कुबट वास येतो. आठ दिवस उजवा कान खाजवतोय, डोकं झाडतोय. केस कापणारे म्हणतात, पूर्ण भादरून टाका. आईला ते ऐकवत नाही. डोळ्यांत केस जाऊ नयेत म्हणून ती रोज सकाळी त्याची शेंडी बांधते.

शेजारी म्हणतात, पडवीत बांधा, कुत्राच तो. मला ते पटत नाही. ही जात तिबेटी वंशाची, चीनच्या राजवाड्यात वाढलेली. माणसाजवळ बसणं हेच तिचं काम. १९३० मध्ये ती ब्रिटनमध्ये पोचली. पुढे चीनमध्ये ती जवळजवळ संपली, आणि आजचे सगळे शिह त्झू वाचलेल्या १४ कुत्र्यांचे वंशज मानतात. अशा जिवाला एकटं बांधायचं कसं?

त्यात चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली. फटाके, पाहुणे, आणि मुलांच्या हातातल्या नेवऱ्या (करंज्या). सारणातल्या मनुका कुत्र्यांना विषारी असतात, हे घरात प्रत्येकाला सांगून ठेवलंय. तरी धास्ती वाटते. केस किती ठेवू? आणि ते चार दिवस त्याला कुठे ठेवू?

प्रतिसाद :
आमच्याकडे म्हापशात दोन आहेत, थोरली ११ वर्षांची. केसांचं नंतर, आधी कान डॉक्टरांना दाखवा. घरचं खोबरेल अजिबात घालू नका, आत ओल असेल तर दुखणं वाढतं.

कातडीपर्यंत भादरू नका. इंच-दीड इंच ठेवून सगळीकडे सारखे कापून घ्या, शेंडी खुशाल राहू दे. गुठळी सोडवल्याशिवाय आंघोळ नको, पाण्याने ती आणखी आवळते. नंतर ड्रायर मंद ठेवून मुळापर्यंत वाळवा. वरून कोरडे वाटतात आणि आत ओले राहतात, वास तिथूनच येतो. गोचिडांचं औषध पावसातही चुकवू नका.

चपट्या नाकामुळे धापा टाकूनही यांचं अंग लवकर थंड होत नाही. फिरवणं सकाळी लवकर, आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा. डोळे बाहेर आलेले असतात, म्हणून डोळा लाल दिसला किंवा मिटून धरला तर त्याच दिवशी डॉक्टर.

चवथीला आतली खोली, पंखा चालू, आणि आईची वापरलेली साडी अंथरायला. आमची थोरली तशीच झोपून जाते. तासाभराने आईंनी एकदा डोकावून यावं.

धागाकर्ती :
आजच संध्याकाळी कान दाखवते. शेंडी राहणार म्हटल्यावर आईने लगेच केस कापायला होकार दिला. पुन्हा किती दिवसांनी कापायचे?

प्रतिसाद :
पावसात ६ आठवड्यांनी. विंचरणं मात्र रोज, कानामागे आधी.