वादळाचा निधी, गुलमोहोर आणि आपली कंपाउंड वॉल

सेक्रेटरी (बी-103): सर्वांना नमस्कार 🙏 परवाच्या वादळात गेटजवळचा गुलमोहोर पडला, कंपाउंड वॉल साधारण पंधरा फूट आडवी झाली, टेरेसवरचे सोलरचे दोन पॅनल फुटले आणि ए-203 व बी-401 यांच्या गाड्या झाडाखाली सापडल्या. अग्निशमनवाल्यांनी रात्रीच फांद्या कापून रस्ता मोकळा केला, त्यांचे आभार. खोड अजून आपल्या आवारात आहे. आज नगरसेवकांशी बोललो, नाशिक शहरातल्या वादळाच्या नुकसानीसाठी आणि पुढच्या बंदोबस्तासाठी राज्याकडे तातडीचा निधी मागायचं चाललंय असं म्हणाले. आपलंही नुकसान त्यात घालता येतं का बघू. फोटो असतील तर इथे टाका.

ए-203: काल टाकलेत मी अकरा फोटो, कोणी बघितले नाहीत वाटतं

सी-302 वहिनी: अरे वा म्हणजे भिंतीचे पैसे सरकार देणार? मग ते फ्लॅटमागे दोन हजार काढायचं म्हणत होतात ते थांबवा ना जरा

बी-204: +1

ए-101 आजोबा: सुप्रभात. आजचा सुविचार

ए-101 आजोबा: हा मेसेज डिलीट केला आहे

देशमुख काका (सी-101): वहिनी घाई करू नका. माझी अख्खी नोकरी महसूलमध्ये गेली, निफाड सिन्नर करत शेवटी नाशिक, पंचनामे किती लिहिले त्याला गणती नाही, त्यामुळे आधी सांगतो की हा जो निधी आहे ना, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, त्यात 75 टक्के पैसा केंद्राचा आणि 25 टक्के राज्याचा आणि तो कशावर खर्च करायचा याचे दर दिल्लीहून ठरून येतात, कलेक्टरला वाटलं म्हणून चार पैसे जास्त देता येत नाहीत. त्यात 2022 ते 26 च्या दरांप्रमाणे पक्क्या घराची पडझड झाली, तीही किमान 15 टक्के, तर 6,500 रुपये. पूर्ण घर गेलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार. कंपाउंड वॉल नाही. गाडी नाही. सोलर नाही.

बी-204: 6,500 😄 त्यात गवंडी भिंत बघून फक्त चहा पिऊन जाईल

सी-302 वहिनी: मग एवढा निधी निधी करतात तो जातो कुठे??

देशमुख काका (सी-101): माणूस दगावला तर वारसाला 4 लाख, जनावरं, घरं, शेती, आणि सार्वजनिक गोष्टी. रस्त्यावर पडलेली झाडं माती उचलणं, साचलेलं पाणी काढणं, फुटलेली पाण्याची लाइन, खचलेला रस्ता, मोरी. स्थानिक संस्था मागते ती मुख्यतः यासाठी, तुमच्या माझ्या भिंतीसाठी नाही. आणि अजून एक मेख आहे. केंद्राच्या यादीत 12 आपत्ती आहेत, चक्रीवादळ, पूर, गारपीट, ढगफुटी, भूकंप, आग, दरड वगैरे. आपल्याकडे परवा आलं ते वळवाचं वादळ, अर्धा तास धूळ, मग वारा, मग धो धो. त्याला त्या यादीत स्वतःचं नाव नाही. आपल्या राज्याने अवेळी पाऊस आणि वीज पडणं स्वतःच्या यादीत घेतलंय, पण अशा राज्याने घेतलेल्या आपत्तींवर त्या निधीतले 10 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतात. म्हणून पंचनाम्यात 'वादळामुळे' एवढंच लिहिलं, की 'अवेळी पाऊस व वादळी वारा' लिहिलं, की गारा पडल्या तेही लिहिलं, याने फरक पडतो. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिलं हेच शिकवायचो.

ए-203: गारा पडल्या ना काका, माझ्या बोनेटवर ठसे आहेत

देशमुख काका (सी-101): मग फोटो जपून ठेव, तारीख वेळ दिसेल असा. पाऊस किती झाला ते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून ठरतं, 24 तासात 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं हे सांगून उपयोग नाही, मापकाजवळ किती पडला ते बघतात. आणि वळीव म्हणजे इंदिरानगरला कोसळतो तेव्हा मखमलाबादला लोक गच्चीत गाद्या वाळवत असतात.

सी-201 (चांदवडचे): माझ्या भावाचा साठवलेला कांदा भिजला कांदाचाळीत, पत्राच उडाला. तिकडे पण तलाठी आला होता. उभ्या पिकाचं 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर विचारतात, चाळीतल्या कांद्याचं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. इथे आपण पंधरा फूट भिंतीवरून भांडतोय

बी-401: भांडत नाहीये कोणी. पण मला एक कळत नाही, सरकारने ठरवलं तर जास्त देत नाही का? कोल्हापूर सांगलीला दिले होते

देशमुख काका (सी-101): दिले होते, बरोबर. 2021 च्या पुरात कोल्हापूर सांगली चिपळूणला दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, जास्तीत जास्त 50 हजार असं वेगळं पॅकेज काढलं होतं राज्याने. पण तो वेगळा जीआर म्हणजे शासन निर्णय, राज्याच्या तिजोरीतून, आणि तेवढं मोठं संकट असेल तेव्हा. 2008 च्या सप्टेंबरात गोदावरीचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल, सराफ बाजार, भांडी बाजार, दुतोंड्या मारुती सगळं पाण्यात, नदीकाठची निळी लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं त्याच्या खुणा, त्यानंतरच आखली. तसं काही झालं तर गोष्ट वेगळी. एका वळवाच्या वादळाला पॅकेज निघत नाही.

बी-401: म्हणजे आपण बुडायला हवं होतं 😐

खजिनदार (बी-302): मी बोलू का जरा. सोसायटीची विम्याची पॉलिसी आहे हे किती जणांना माहितीये? एजीएममध्ये प्रीमियमवर दरवर्षी 'हे कशाला' म्हणणारे आज सरकारकडे बघताहेत. आग आणि त्यासोबत वादळ, पूर, पाणी शिरणं हे त्यात आहे. मी काल रात्री पॉलिसी काढून वाचली, कंपाउंड वॉल त्यात लिहिलेली आहे, 2022 मध्ये मीच आग्रहाने घालून घेतली होती. सोलर पॅनल लिहिलेले नाहीत, ते नंतर बसवले आणि कंपनीला कोणी कळवलं नाही. त्यामुळे भिंतीचा क्लेम होईल, थोडी कपात होऊन. सोलरचे पैसे आपल्यालाच घालावे लागतील. कळवलंय मी कंपनीला, सर्व्हेअर येईपर्यंत खोडाला आणि विटांना कोणी हात लावू नका, काल वॉचमन विटा रचायला लागला होता हौसेने.

सी-302 वहिनी: बरं झालं सांगितलं 🙏 मग दोन हजार नाही ना द्यायचे?

खजिनदार (बी-302): वहिनी सोलरचे तरी द्यावे लागतील, दोन हजार नाही, कमी

ए-203: आणि गाडीचं? थर्ड पार्टीवर मिळतं का

खजिनदार (बी-302): नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असेल तरच. बी-401 चं आहे, त्यांनी क्लेम टाकला पण

ए-203: 👍 (मनात दुसरंच काहीतरी समजा)

निखिल (ए-402): मला वाटतं आपण चुकीच्या गोष्टीवर बोलतोय. भिंत विम्यातून होईल, ठीक. पण चौकातली पावसाळी गटार दरवर्षी तुंबते त्याचं काय? निधी मागतायत तर ती मोठी करा म्हणावं ना आत्ताच. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर योजनेच्या वेळी पावसाळी गटार योजना झाली तेव्हा आपल्या भागात अर्धे प्लॉट मोकळे होते, आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि बेसमेंट, पाणी मुरणार कुठे. पाइप तोच, पाणी दुप्पट

देशमुख काका (सी-101): निखिल मुद्द्याचं बोललास. पण ते या निधीतून होणार नाही हे समजून घे. आपत्तीच्या निधीतून होतं ते पूर्ववत करणं. नऊ इंची पाइप फुटला तर नऊ इंचीच बसणार, बारा इंची टाकायचा म्हटलं की फाइल परत येते, हे नवीन काम आहे आपत्तीचं नाही म्हणून. पुढचं संकट टळावं यासाठीचा पैसा वेगळ्या पेटीत आहे, आपत्ती सौम्यीकरण निधी म्हणतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 26 साठी राज्यांना मिळून 1,60,153 कोटी धरले होते, त्यातले 80 टक्के आपत्ती आल्यावरच्या कामाला आणि 20 टक्के म्हणजे 32 हजार कोटींच्या आसपास या सौम्यीकरणाला. तो मागायला झाड पडून चालत नाही. आधी प्रस्ताव लागतो, कुठे किती वेळा पाणी साचलं त्याची नोंद, नकाशा, अंदाजपत्रक. वादळानंतरच्या गडबडीत जी मागणी जाते त्यात हे नसतं, कारण तेव्हा सगळे पंचनाम्यात अडकलेले असतात आणि पंचनामे संपतात तोवर पावसाळा संपतो.

निखिल (ए-402): आणि शहरी पुरासाठी वेगळे पैसे पण होते ना काका, मी वाचलंय. 2,500 कोटी, सात शहरं. मुंबई चेन्नई कोलकाता प्रत्येकी 500, आणि पुणे बेंगळुरू हैदराबाद अहमदाबाद 250

बी-204: पुणे आलंच का त्यात 😂

बी-401: पुण्याला पाऊस पण अनुदानित मिळतो

निखिल (ए-402): दुसऱ्या टप्प्यात अजून 11 शहरं घेतली, जयपूर इंदूर लखनौ पाटणा भोपाळ वगैरे. आपण नाही त्यात

सी-302 वहिनी: आपल्याला कुंभ आहे की, सगळा पैसा तिकडे

देशमुख काका (सी-101): वहिनी, कुंभाकडे बोट दाखवून मोकळं होऊ नका. 2027 चं अमृतस्नान ऑगस्ट सप्टेंबरमध्ये आहे, ऐन पावसाळ्यात, सिंहस्थाचं आपल्याकडे असंच असतं. लाखो लोक उघड्या घाटावर आणि तंबूत असताना परवासारखं वादळ आलं तर काय, हा प्रश्न तिथे बसलेल्यांनाही पडलाच असेल. म्हणून उलट आत्ताच मागायची वेळ आहे. नाले, पावसाळी गटारी, रस्त्याकडेची धोकादायक झाडं हे कुंभाचंही काम आहे आणि आपलंही. आपलं पत्र त्या भाषेत गेलं पाहिजे.

बी-204: झाडांवरून आठवलं, उरलेले दोन गुलमोहोर काढूनच टाका ना एकदाचे. उद्या पोरांवर पडला तर कोण जबाबदार

कुलकर्णी मॅडम (ए-301): काढून टाका म्हणणं सोपं आहे हो. मी सत्तावीस नंबरच्या बसने कॉलेजला जायचे तेव्हापासून बॉटनी शिकवत आले त्यामुळे दोन शब्द बोलतेच. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, दिसतो छान, पण मुळं वर वर पसरतात आणि लाकूड ठिसूळ. तरी आपला पडला तो त्यामुळेच फक्त नाही. चार वर्षांपूर्वी आपण पेव्हर ब्लॉक अगदी बुंध्याला चिकटवून बसवले, आठवतंय? मुळाला ना पाणी ना हवा, आणि ब्लॉकसाठी खणताना एका बाजूची मुळं तोडली. झाड नेमकं त्याच्या विरुद्ध बाजूला पडलं, जाऊन बघा. हरित लवादाने 2013 मध्येच सांगितलंय की झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको. त्यात रस्त्याकडच्या फांद्या वायरींसाठी छाटल्या गेल्या आणि सगळा भार आवाराच्या बाजूला आला, म्हणून गाड्यांवरच आलं.

बी-204: मॅडम पण रिस्क आहे ना

कुलकर्णी मॅडम (ए-301): आहे, नाही म्हणतच नाही. म्हणून समतोल छाटणी करून घ्यायची, आतल्या दाट फांद्या विरळ करायच्या म्हणजे वारा आरपार जातो. आवारातलं झाड आपलं असलं तरी परस्पर तोडता येत नाही, 1975 चा वृक्ष कायदा आहे, उद्यान विभागाकडे अर्ज करून वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीलाही अर्ज. आपल्या सोसायटीने तो कधी केलाय का हे सेक्रेटरींनी सांगावं.

सेक्रेटरी (बी-103): फाइल बघितली. आवारातल्या झाडांसाठी एकही अर्ज नाही.

बी-401: मागच्या कमिटीच्या काळातलं असेल

खजिनदार (बी-302): मागच्या कमिटीत तुम्ही होतात

बी-401: हा मेसेज डिलीट केला आहे

कुलकर्णी मॅडम (ए-301): असो. पडलेल्याच्या जागी परत गुलमोहोर नको, कडुनिंब किंवा करंज लावू. आणि उरलेल्या दोघांभोवतीचे ब्लॉक या रविवारी काढू, त्याला कोणाचा निधी लागत नाही.

निखिल (ए-402): मी येतो. पहार आहे माझ्याकडे

सी-201 (चांदवडचे): मी पण. कांद्याचं तर काही करता येईना

सेक्रेटरी (बी-103): ठीक आहे, मग असं करतो. भिंत विम्यात, सोलर आपल्या खर्चातून, आकडा खजिनदार सांगतील. पत्रं दोन पाठवू, काका तुम्ही मसुदा बघून द्या. एक तहसील आणि विभागीय कार्यालयाला, पंचनाम्यासाठी, गारांसकट. दुसरं चौकातल्या गटारीचं, ते वादळाच्या नुकसानीत न मिसळता वेगळं.

देशमुख काका (सी-101): हो, मिसळलं की दोन्ही जातं. आणि दुसऱ्याला जोड काहीतरी लागेल. ज्यांच्याकडे मागच्या पावसाळ्यांत चौकात पाणी भरल्याचे फोटो आहेत त्यांनी द्या, तारखेसह. नुसतं 'दरवर्षी तुंबते' लिहून कोणी वाचत नाही. शेजारच्या तीन सोसायट्यांच्या सह्या घ्या, एका सोसायटीचं पत्र तक्रार म्हणून धरतात, चारांचं आलं की जागा बघायला माणूस येतो.

ए-101 आजोबा: माझ्याकडे 2019 चे आहेत. प्रिंट काढलेले. नातू होडी सोडतोय चौकात

देशमुख काका (सी-101): आजोबा तेच पहिलं लावू.

सी-302 वहिनी: माझ्याकडे व्हिडिओ आहे, स्कूटी वाहत गेलेली, पण त्यात आमच्या ह्यांचा आवाज आहे तो काढून मिळेल का

निखिल (ए-402): पाठवा वहिनी, म्यूट करतो

खजिनदार (बी-302): सर्व्हेअरचा फोन आला आत्ता. उद्या सकाळी अकराला येतोय. ए-203, बी-401, गाड्यांच्या चाव्या वॉचमनकडे ठेवा, झाड हलवायच्या आधी त्याला फोटो घ्यायचेत. आणि कृपा करून कोणीतरी वॉचमनला विटांपासून लांब ठेवा.