फंक्शनमध्ये काढलेले भार ‘एलएम’ला का सापडत नाहीत?

प्रश्न – मृगबहार, नागपूर

नमस्कार. काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या तालुक्यांतील संत्राबागांच्या उत्पादनाचे भारित प्रतिगमन (काही नोंदींना अधिक महत्त्व देऊन चलांमधील संबंध बसवणे) मी ‘आर’ या सांख्यिकी संगणनाच्या भाषेत करत आहे. प्रत्येक नोंद म्हणजे एका बागेचे प्रतिझाड सरासरी उत्पादन असल्यामुळे, त्या बहारात (फळधारणेच्या हंगामात) फळे धरलेल्या झाडांच्या संख्येनुसार भार देणे आवश्यक आहे. बागा त्याच, पण अंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांसाठी हेच काम पुन्हा करायचे असल्याने मी एक लहान फंक्शन लिहिले. ते ‘सूत्र’ (कोणते चल कोणत्या चलांवर अवलंबून मानायचे याची मांडणी) आणि ‘नोंदी’ (माहितीचा तक्ता, म्हणजे डेटा फ्रेम) अशी दोन आर्ग्युमेंट्स घेते, पहिल्या ओळीत झाडांच्या स्तंभावरून ‘भार’ हे व्हेरिएबल तयार करते आणि दुसऱ्या ओळीत ‘एलएम’ला (रेषीय मॉडेल बसवणाऱ्या फंक्शनला) सूत्र, नोंदी व भार देते. सूत्र मी कन्सोलवर (आज्ञा थेट लिहिण्याच्या जागी) लिहून फंक्शनला पाठवते.

नवे सत्र सुरू करून फंक्शन चालवले, तर ‘ऑब्जेक्ट भार नॉट फाउंड’ असा संदेश येतो. मात्र ‘एलएम’च्या आधीच्या ओळीत ‘प्रिंट’ घातले, तर तेच भार व्यवस्थित छापले जातात. व्हेरिएबलचे नाव बदलून ‘वेट्स’ केले, तेव्हा ‘इन्व्हॅलिड टाइप क्लोजर’ असा वेगळाच संदेश आला. माझ्या सहकाऱ्याच्या संगणकावर तर हेच मूळ फंक्शन कोणत्याही तक्रारीशिवाय चालते, पण मृग बहाराचे सहगुणक (मॉडेलने प्रत्येक चलासाठी काढलेले आकडे) स्वतंत्रपणे काढलेल्या उत्तराशी जुळत नाहीत. या तिन्ही गोष्टींचे कारण एकच असावे का?

उत्तर – सांख्यिकी_सदर

होय, कारण एकच आहे. ‘एलएम’ हे ‘वेट्स’ आर्ग्युमेंटचे मूल्य नेहमीच्या पद्धतीने काढत नाही. आपण दिलेले ‘भार’ हे नाव ते तसेच उचलते, मॉडेलला लागणारी मूल्ये गोळा करणाऱ्या ‘मॉडेल डॉट फ्रेम’कडे सोपवते, आणि तेथे त्याचा शोध आधी डेटा फ्रेमच्या स्तंभांत व नंतर सूत्राच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (व्हेरिएबल्सची नावे व मूल्ये जेथे असतात त्या क्षेत्रात) घेतला जातो. आपल्या फंक्शनचे आतील क्षेत्र या वाटेवर कोठेच येत नाही. ‘सबसेट’ आणि ‘ऑफसेट’ या आर्ग्युमेंट्सनाही हाच नियम लागू आहे, आणि ‘एलएम’च्या मदतपानावर तो नोंदवलेला आहे.

आता सूत्राचे एन्व्हायर्नमेंट कोणते, हा खरा प्रश्न आहे. ‘आर’मधील प्रत्येक सूत्र ते जेथे लिहिले गेले त्या जागेची नोंद स्वतःबरोबर बाळगते, सासरी कोठेही गेले तरी त्याचे माहेर बदलत नाही. आपण सूत्र कन्सोलवर लिहिले, म्हणून त्याचे एन्व्हायर्नमेंट ग्लोबल, म्हणजे कन्सोलवर तयार केलेली व्हेरिएबल्स जेथे राहतात ते, आहे, आणि ग्लोबलमध्ये ‘भार’ नावाचे काही नाही. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ‘आर’ घडवताना व्याप्तीचा (नावाचा शोध कोठे घ्यायचा याचा) जो नियम ‘स्कीम’ या भाषेतून घेतला, त्यातही नाव कोठे वापरले यापेक्षा ते कोठे लिहिले गेले याला महत्त्व आहे. सूत्रांची वागणूक त्याच विचाराशी सुसंगत आहे.

‘वेट्स’ नाव दिल्यावर शोध ग्लोबलवर थांबला नाही, तर पुढे जोडलेल्या पॅकेजांपर्यंत गेला. तेथे ‘स्टॅट्स’ पॅकेजमध्ये मॉडेलमधून भार काढून देणारे त्याच नावाचे फंक्शन आहे. ते सापडले, पण फंक्शन (‘आर’च्या भाषेत ‘क्लोजर’) हे भारांच्या जागी चालत नसल्यामुळे ‘क्लोजर’चा संदेश आला.

सहकाऱ्याच्या संगणकावरील प्रकार या तिन्हींत सर्वांत गंभीर आहे. त्यांच्या सत्रात आधी कधीतरी अंबिया बहारासाठी कन्सोलवर तयार केलेले ‘भार’ शिल्लक असणार. बागा त्याच असल्याने दोन्ही बहारांतील नोंदींची संख्या सारखी, म्हणून लांबी जुळली आणि मृगाचे मॉडेल अंबियाच्या भारांवर बसले. लांबी वेगळी असती तर निदान तक्रार तरी आली असती. त्या संगणकावर आजवर काढलेली सर्व भारित उत्तरे नव्या सत्रात पुन्हा तपासावीत, असा माझा आग्रह आहे.

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे भार हा ‘नोंदी’तलाच एक स्तंभ करणे. डेटा फ्रेम आधी पाहिली जात असल्यामुळे सूत्र कोठून आले याने मग काही बिघडत नाही. फंक्शनच्या आत स्तंभ जोडल्याने बाहेरची मूळ डेटा फ्रेमही बदलत नाही.

उत्तर – लिंबूवर्गीय_विश्लेषक

वरील उपाय योग्य आहे, पण सूत्राच्या उजव्या बाजूला सर्व स्तंभांसाठी केवळ टिंब लिहिण्याची सवय असेल, तर भाराचा नवा स्तंभही स्वतंत्र चल म्हणून मॉडेलमध्ये शिरेल आणि कोणताही इशारा मिळणार नाही. अशा वेळी चलांची नावे स्पष्टपणे लिहावीत.

दुसरा मार्ग म्हणजे सूत्र मजकुराच्या स्वरूपात पाठवून फंक्शनच्या आत ‘ॲज डॉट फॉर्म्युला’ने त्याचे रूपांतर करणे. रूपांतर जेथे होते तेच क्षेत्र सूत्राला मिळते, त्यामुळे आतले ‘भार’ सापडतात. मात्र असे मॉडेल ‘सेव्ह आरडीएस’ने साठवल्यास फंक्शनच्या आतील सर्व व्हेरिएबल्स सूत्राबरोबर फाइलमध्ये जातात आणि मोठ्या डेटावर फाइल अवाजवी फुगते. ग्लोबल एन्व्हायर्नमेंटची केवळ खूण साठवली जात असल्यामुळे कन्सोलवरील सूत्रांबाबत हा त्रास होत नाही.

मृगबहार, नागपूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. स्तंभाचा उपाय केल्यावर दोन्ही संगणकांवरील सहगुणक जुळले. आता एकच अडचण उरली आहे. फंक्शनने परत केलेल्या मॉडेलमधून पर्जन्यमानाचे चल वगळण्यासाठी मी कन्सोलवर ‘अपडेट’ वापरले, तर या वेळी ‘नोंदी’ सापडत नसल्याचा संदेश आला.

उत्तर – सांख्यिकी_सदर

मॉडेल आपल्या निर्मितीची आज्ञा शब्दशः जपून ठेवते आणि ‘अपडेट’ तीच आज्ञा, सूत्र तेवढे बदलून, आपण जेथे उभे आहात तेथे पुन्हा चालवते. ‘नोंदी’ हे नाव फक्त फंक्शनच्या आत होते, म्हणून कन्सोलवर ते सापडत नाही. भाराचा स्तंभ फंक्शनला बोलावण्यापूर्वीच मूळ डेटा फ्रेममध्ये तयार करावा आणि ‘अपडेट’ला ‘डेटा’ आर्ग्युमेंट स्वतंत्रपणे द्यावे. भार त्याच डेटा फ्रेममध्ये असल्यामुळे तेही आपोआप मिळतील.

अशा चुका पकडण्यासाठी ‘कोडटूल्स’ या कोड तपासणाऱ्या पॅकेजवर विसंबू नये. त्याच्या दृष्टीने ‘भार’ हे फंक्शनमध्ये रीतसर तयार झालेले स्थानिक व्हेरिएबल असल्यामुळे मूळ कोडमध्ये त्याला काहीच वावगे दिसले नसते. त्याऐवजी फंक्शनच्या शेवटी मॉडेलमधील भार आणि स्तंभातील भार सारखे आहेत का, हे ‘स्टॉप इफ नॉट’ने तपासावे, नोंदींत रिकामी मूल्ये असतील, तर त्या ओळी आधी गाळूनच ही तुलना करावी. ‘आर’ वापरण्याच्या ‘आरस्टुडिओ’ या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जुने वर्कस्पेस (मागील सत्रातील व्हेरिएबल्स) आपोआप उघडण्याचा पर्यायही दोन्ही संगणकांवर बंद करावा. केवळ ‘आरएम’ने व्हेरिएबल्स पुसली तरी जोडलेली पॅकेजेस तशीच राहतात, म्हणून अंतिम उत्तरे काढताना सत्रच नव्याने सुरू करावे.