‘बिट्स अँड पीसेस प्लेअर’ मराठीत कसं आणायचं? आणि ‘रिमार्क’ म्हणजे टीका की शेरा?

शब्दवेध
एका क्रीडा-माहितीपटाची मराठी उपशीर्षकं तयार होत आहेत. विषय 2019 च्या विश्वचषकातला वाद: समालोचक संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला ‘बिट्स अँड पीसेस प्लेअर’ म्हटलं आणि जडेजाने त्यांना उत्तर दिलं. गाडी दोन ठिकाणी अडली आहे.

पहिली अडचण ‘बिट्स अँड पीसेस प्लेअर’. मसुद्यात ‘सटरफटर खेळाडू’ होतं. तपासणाऱ्याने ते खोडून ‘कामचलाऊ’ केलं, अंतिम वाचन करणाऱ्याने ‘तुकड्यातुकड्यांत खेळणारा’. दुसरी अडचण निवेदकाच्या तोंडी सतत येणारा ‘रिमार्क’. टीका, टिप्पणी, शेरा, वक्तव्य असे चारही शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत पडले आहेत आणि कुठला तरी एक कायम करायचा आहे.

मर्यादा अशी: ओळीत 42 अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर साधारण तीन सेकंद. तळटीप किंवा कंसातला खुलासा चालणार नाही.

गलीस्लिप
आधी क्रिकेटमधला अर्थ पक्का करा. खरा अष्टपैलू तो, ज्याला नुसत्या फलंदाजीवर किंवा नुसत्या गोलंदाजीवरही संघात जागा मिळाली असती. ‘बिट्स अँड पीसेस’वाल्याला कुठल्याही एकावर ती मिळत नाही, सातव्या-आठव्या क्रमांकावर येऊन पंचवीस-तीस धावा आणि मधली पाच-सहा षटकं, अशी बेरीज करून त्याला बसवतात. ही एकदिवसीय क्रिकेटमधली जात. 1992 च्या विश्वचषकात न्यूझीलंडने गॅव्हिन लार्सन, ख्रिस हॅरिस, रॉड लॅथम यांच्या मंदगती गोलंदाजीच्या जोरावर उपांत्य फेरी गाठली, तेव्हा असे खेळाडू घेणं हुशारीचं मानलं गेलं. म्हणून मूळ शब्द वर्गीकरणाचा आहे. तो कुणाला लावला यावरून त्याला धार चढते.

मांजरेकरांच्या वाक्यात दोन अटी होत्या: ‘कारकिर्दीच्या या टप्प्यावर’ आणि ‘पन्नास षटकांच्या क्रिकेटमध्ये’. कसोटीत जडेजा निखळ गोलंदाज आहे, हेही त्यांनी सोबतच सांगितलं होतं. मथळ्यांत विशेषण तेवढं उरलं. विशेषण कुठलंही घ्या, पण उपशीर्षकाच्या दोन ओळींपैकी एक ओळ त्या अटींना द्या.

‘कामचलाऊ’ मात्र काढाच. क्रीडापानांवर ‘कामचलाऊ गोलंदाज’ म्हणजे मुळात फलंदाज असलेला, गरजेपुरती दोन-चार षटकं टाकणारा. जडेजा हक्काने दहा षटकं टाकतो. तो शब्द अपमानकारक आहे की नाही हा पुढचा मुद्दा. आधी तो चुकीचा आहे.

वेलांटी
मराठीत हे आयतं पडलेलं आहे: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. ‘बिट्स अँड पीसेस’मधले तुकडेसुद्धा त्यात आले! ओळीत बसतं, वाचायला दीड सेकंद पुरतो.

अनुस्वार
बसतं, पण मूळ शब्दाच्या दुप्पट झोंबतं. म्हणीत ‘एक ना धड’ हा निकाल आहे. मूळ शब्दात निकाल नाही, संघनिवडीचं मत आहे. प्रेक्षकाने ही म्हण वाचली की जडेजाचं 3 जुलै 2019 चं उत्तर त्याला लगेच रास्त वाटणार. म्हणजे भांडणाचा निवाडा अनुवादकाने करून टाकला. ‘सटरफटर’लाही हीच हरकत. सटरफटर सामान असतं, माणसाला ते विशेषण लावलं की तो टाकाऊ ठरतो.

‘थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी करणारा’ असं सरळ लिहा. लांब आहे, तरी दोन ओळींत आरामात मावतं.

तिसरा पंच
अनुस्वार, तुमचं वाक्य इतकं निरुपद्रवी आहे की लोक चिडले का तेच कळणार नाही. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी तर प्रत्येक अष्टपैलू करतो. जडेजाने सार्वजनिकरीत्या उत्तर दिलं, तेही ‘व्हर्बल डायरिया’ हा शब्द वापरून, म्हणजे मूळ शब्द झोंबलेला होता. झोंबणं अनुवादात यायलाच हवं.

आणि त्या ‘व्हर्बल डायरिया’चं काय करणार? ‘वाचाळपणा’ केलं तर जडेजा सौम्य होतो आणि पुढच्या प्रसंगाचं वजन जातं. ‘शाब्दिक अतिसार’ वैद्यकीय अहवालात शोभेल. ‘तोंडाची हगवण’ अर्थाने नेमकं आहे, पण ते वाहिनीवर जाणार नाही. दोन्ही बाजूंचे शब्द एकाच पट्टीने मोजा. एकाचं कडक भाषांतर आणि दुसऱ्याचं मवाळ, असं झालं तर माहितीपट बाजू घेतो.

गलीस्लिप
‘ना धड फलंदाज, ना धड गोलंदाज’ पाहा. झोंबतं, आणि क्रिकेटचा अर्थही सांगतं, कारण दोन कौशल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. वर ‘पन्नास षटकांच्या सामन्यांत सध्या तो’ अशी ओळ ठेवा. पुढे उपांत्य सामन्याचा प्रसंग येईलच: न्यूझीलंडच्या 239 चा पाठलाग, भारत 6 बाद 92, मग जडेजाच्या 59 चेंडूंत 77 आणि धोनीबरोबर 116 ची भागी, शेवटी 18 धावांनी हार. त्यानंतर मांजरेकर स्वतःच म्हणाले की जडेजाने ‘बिट्स अँड पीसेस’मध्ये त्यांच्या चिंधड्या केल्या. तिथे त्यांनी आपलाच शब्द उलटवला आहे. सुरुवातीला निवडलेला मराठी शब्द तिथेही चालला पाहिजे, ही खरी परीक्षा. ‘ना धड’ तिथे चालत नाही, हे मान्य.

वेलांटी
चिंध्या आणि चिंधड्या! म्हणूनच म्हण घ्या म्हणते आहे. पहिल्यांदा ‘भाराभर चिंध्या’, दुसऱ्यांदा ‘माझ्याच चिंधड्या उडवल्या’. दोन्ही टोकं जुळतात.

अनुस्वार
जुळतात म्हणून बरोबर ठरत नाहीत. पण ‘रिमार्क’कडे वळू, कारण तो शब्द चित्रपटभर आहे.

‘टीका’ नको. टीका म्हणजे मुळात ग्रंथावरचं विवरण. भावार्थदीपिका ही गीतेवरची टीका आणि ज्ञानेश्वर टीकाकार. ‘कमेंटेटर’चा जुना मराठी शब्द तोच. आजच्या वापरात टीका म्हणजे दोष दाखवणं, आणि समालोचकाचं ते कामच आहे. म्हणून ‘समालोचकाने टीका केली’ यात बातमी उरत नाही आणि ‘टीकेवर टीका’ असे विनोदी मथळे होतात. ‘समालोचन’ सम् + आ + लोच्, म्हणजे सगळीकडून नीट पाहणं. हिंदीत आलोचना म्हणजे दोष काढणं. तो रंग मराठी समालोचनात शिरू देऊ नये.

सातबारा
‘शेरा’ घ्या. सातबारावर शेऱ्याचा रकाना असतो, गोपनीय अहवालात शेरा असतो, गुणपत्रिकेवरही. छोटा, एका व्यक्तीबद्दलचा, नोंद म्हणून उरणारा. ‘रिमार्क’ नेमका हाच. कलंक लागतो तो ‘शेरेबाजी’ केल्यावर. आणि ‘ताशेरे’ कुठे पडले असतील तर तेही काढा. ताशेरे न्यायालय ओढतं, लेखापरीक्षक ओढतो. ज्याला अधिकार आहे तो. समालोचकाला कुणावर ताशेरे ओढायचा अधिकार नाही.

तिसरा पंच
शेरा लेखी असतो. बोललेल्याला शेरा कसा म्हणणार?

सातबारा
‘शेरा मारला’ हा प्रयोग बोलण्यालाच आहे.

मूळाक्षर
उपशीर्षकांत ‘वादग्रस्त शेरा’ किंवा ‘वादग्रस्त विधान’ येणारच, म्हणून आधीच सांगते. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त गाव पूर आल्यावर होतं. वादग्रस्त जमीन दावा लागल्यावर. ‘समालोचकाने वादग्रस्त विधान केले आणि त्यामुळे वाद झाला’ यात काळाचा क्रम उलटा आहे. केलं तेव्हा ते नुसतं विधान होतं. वाद व्हावा असं त्यात काही असेल, तर ‘विवादास्पद’. आस्पद म्हणजे स्थान. आधी विवादास्पद, नंतर वादग्रस्त. या शब्दाच्या आधारावर माणसांचं काम जातं, इतका फरक पाळायलाच हवा.

गलीस्लिप
वापराने अर्थ ठरतो. ‘वादग्रस्त विधान’ वाचून कुणीही वाचक कालक्रमाच्या घोळात पडत नाही. ‘विवादास्पद’ वाचायला जड आहे, तीन सेकंदांत नको.

मूळाक्षर
‘संशयास्पद’ आणि ‘हास्यास्पद’ रोज वाचता ते जड नाहीत, मग हाच कसा? आणि क्रिकेटच्या मराठीत तर वापराचा दाखला जपूनच द्या. ‘गोलंदाज’ तोफखान्यातला फारसी शब्द, त्याच्या साच्यावर फळीचा ‘फलंदाज’ पाडला. ‘अष्टपैलू’त संस्कृत अष्ट आणि फारसी पैलू. हे टिकले कारण नेमके होते. ‘वादग्रस्त’ सैल आहे.

तिसरा पंच
वापर की शुद्धता यापेक्षा मोठा धोका थेट चुकीच्या भाषांतराचा. डिसेंबर 2024, ब्रिस्बेन कसोटी. समालोचक ईसा गुहा यांनी बुमराबद्दल ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रायमेट’ म्हटलं. नेहमीच्या ‘प्लेअर’च्या जागी ‘प्रायमेट’. दुसऱ्या दिवशी प्रक्षेपणातच माफी मागितली. याचं मराठी ‘माकड’ केलं तर न उच्चारलेला शब्द त्यांच्या तोंडी घातला जातो. मराठी विश्वकोशात प्रायमेट्सना ‘नरवानर गण’ आहे आणि त्यात माणूसही येतो. पण ‘नरवानर’ लिहिलं तरी वाचकाला ‘वानर’च दिसणार. तिथे ‘प्रायमेट’ तसाच ठेवून पुढच्या ओळीत ‘माणूस, वानर, माकड यांचा गण’ एवढं द्यावं.

मात्र गण माणसाचाही आहे, म्हणून राग खोटा ठरत नाही. 2008 च्या सिडनी कसोटीत हरभजनने ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला ‘मंकी’ म्हटलं का, यावर सगळा दौरा डगमगला होता. तीन कसोट्यांची बंदी अपिलात उठली आणि अर्ध्या मानधनाचा दंड राहिला. भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात या शब्दकुळाला तो इतिहास चिकटलेला आहे. कोशातला अर्थ आणि मैदानातला अर्थ, दोन्ही सांगावे लागतात.

सातबारा
मग समालोचक डीन जोन्स? 2006, कोलंबो. दक्षिण आफ्रिकेचा मुस्लिम खेळाडू हशीम आमलाने झेल घेतल्यावर त्यांनी त्याला ‘दहशतवादी’ म्हटलं. आपण प्रक्षेपणात नाही असं त्यांना वाटत होतं. जाहिराती सुरू झाल्या होत्या, पण दक्षिण आफ्रिकेत आवाज जात राहिला. समालोचकापुढे खोकला-शिंकेसाठी माईक बंद करायचं बटण असतं. ते न दाबता ‘जाहिरात आहे’ यावर विसंबणं धोक्याचं, कारण एका सामन्याचं चित्र अनेक वाहिन्यांना जातं आणि प्रत्येकीची जाहिरात त्याच क्षणी लागत नाही. हा ‘शेरा’ की ‘वक्तव्य’? वक्तव्य जाहीर असतं. इथे मला ‘उद्गार’ बरा वाटतो: आतून निसटलेला.

अनुस्वार
उद्गार म्हटलं की जबाबदारी हलकी होते. ‘शेरा’च ठेवा. त्यांचं काम गेलं ते शब्दामुळे. माईक चालू होता की बंद, यामुळे नव्हे.

शब्दवेध
‘रिमार्क’ला शेरा, एवढं ठरवतो. ‘बिट्स अँड पीसेस’वर अजून मत हवं आहे. शेवटच्या भागात समालोचकांनी नंतर काय म्हटलं ते आहे. 2020 च्या आयपीएलमध्ये सुनील गावसकरांनी विराट कोहलीच्या टाळेबंदीतल्या सरावाबद्दल बोलताना अनुष्का शर्माच्या गोलंदाजीचा उल्लेख केला, तो प्रसंगही आहे. त्यासाठी मसुद्यात ‘माफी’ आहे.

मूळाक्षर
तिथे ‘माफी’ चूक. टाळेबंदीतल्या एका व्हिडिओत ती विराटला गोलंदाजी करताना दिसते, आपण तेवढंच सांगितलं, तिला दोष दिला नाही, अशी त्यांची भूमिका होती. माफी मागताना चूक कबूल करावी लागते, समोरच्याने ती द्यावी लागते. दिलगिरी नुसती व्यक्त करतात, देणारं कुणी लागत नाही. यातलं तिथे काहीच नव्हतं. ईसा गुहांची मात्र ‘माफी’च.

तिसरा पंच
‘सारवासारव’.

मूळाक्षर
नको. सारवासारव म्हटलं की खाली खड्डा होता हे गृहीत धरलं. ‘खुलासा’ लिहा.

वेलांटी
‘खुलासा’ आता सुरक्षित राहिलेला नाही. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्ट करून सांगणं. हिंदीत गुपित उघड करणं. हिंदी वाहिन्यांच्या ‘बड़ा खुलासा’वरून आपल्याकडे ‘धक्कादायक खुलासा’ रुजला आहे. ‘गावसकरांचा खुलासा’ एवढंच पडद्यावर आलं, तर निम्मे प्रेक्षक ते आता काही नवीन उघड करणार म्हणून वाट पाहतील. ‘स्पष्टीकरण’ लिहा, दोन अक्षरं जास्त जातील.

सातबारा
स्पष्टीकरण तर कारणे दाखवा नोटिशीला देतात. ‘खुलासा’च मराठी आहे, हिंदीने वाकवला म्हणून आपण तो का सोडायचा?