टोळीतली वैद्यीण आतून कशी दाखवायची? (काळ १८४४, सामानगड पडल्यानंतर)

पंचगंगा_काठ:
कादंबरीचा कच्चा खर्डा चालू आहे. कोल्हापूरकडच्या गडकऱ्यांचा, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीचा, उठाव मोडलाय, आणि नऊ जण (सगळे काल्पनिक) गगनबावड्याच्या रानात शिरलेत. त्यांच्यातली एक वैद्यीण, सगळे तिला आक्का म्हणतात. ती कुणाला जीव लावत नाही. तिचं मन उघडायला गेलं की पानभर स्वगत होतं, नाही उघडलं तर ती दगड वाटते. शिरपा नावाच्या पोराच्या मांडीत गोळी लागते, आक्का क्लोरोफॉर्म देऊन ती काढते आणि रात्री एकटीच रडते. हा प्रसंग काही केल्या उभा राहत नाही. काय बदलू?

चिंधी_आणि_मध:
आधी क्लोरोफॉर्म काढा. ते १८४७ चं, ईथरसुद्धा १८४६ चं. आक्काकडे थोडी अफू, दाबून धरायला दोन माणसं आणि दातांत द्यायला चामड्याचा पट्टा, एवढंच असणार.

आता जखम. तोड्याच्या बंदुकीची शिशाची गोळी हाड चुकवून मांसात रुतून बसू शकते. पण पुढे जीव घेतो तो बहुतेक वेळा गोळीबरोबर आत गेलेला धोतराचा तुकडा. तो आत राहिला की जखम सडते. म्हणून जाणकार बाई गोळी शोधायच्या आधी धोतराचं भोक बघेल.

रक्त थांबवायला चिंधीची जाड घडी, त्यावर तळहात आणि अंगाचं सगळं वजन. घड्याळ नाही, तेव्हा शंभर अंक सहा वेळा मोजायचे, म्हणजे साधारण १० मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही. बघितलं की धरत आलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

तुमचं स्वगत इथंच आहे. आधीच्या प्रकरणात दुसऱ्या कुणावर ती सहाशे पुरे मोजते, नजर झाडावर. शिरपाच्या वेळी दोनशेलाच घडी उचलते.

जखम शिवू नका, पू आत कोंडेल. मधात भिजवलेली वात भरून उघडी ठेवायची, आतून भरून येऊ द्यायची. धुवायला कडुनिंबाचा काढा चालेल, पण त्या धो धो पावसाच्या मुलखात कडुनिंब उभा करू नका. पाला पूर्वेकडच्या कोरड्या भागातून वाळवून आणलेला हवा.

वेशीबाहेर:
वरचं बरोबर, पण दोनशेची खूण एकदाच पेरली तर वाचकाच्या हातातून निसटेल. सहाशे मोजणं आधी दोनदा तरी यायला हवं, त्यातलं एकदा माणूस मेल्यावरही मोजत राहिलेली.

आणि तिचं मेलेलं मूल वगैरे मागचं दुःख आणू नका, लई झालंय ते. कारण हिशोबातलं द्या. माणसं नऊ, अफू तिघांपुरती. कुणाला द्यायची नाही हे जिला ठरवायचंय, ती कुणाच्या ताटाशेजारी कशाला बसेल?

जातो_का_जाते:
भाषेतून बघा, भावा. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. आक्काला घाटाखालची, कोकणातली करा. ती ‘जाते’च म्हणत राहील आणि टोळीला ती परकी वाटत राहील. अर्ध्या पुस्तकानंतर एकदाच तिच्या तोंडून ‘पाणी घेऊन येतो’ निघू दे. कुणी वळूनही बघायचं नाही, लेखकानंही नाही. सोळा वर्षांच्या शिरपालाही तिनं ‘तुम्ही’ म्हणावं. आपल्याकडं पोरासोरांना कोण तुम्ही म्हणतं? तेवढं अंतर पुरे.

चिंधी_आणि_मध:
एक राहिलं, धनुर्वात. जखम वरून छान दिसते आणि आठवड्याभरानं जबडा आखडतो. साधारण ३ ते २१ दिवसांत कधीही. त्या काळी उपाय नाही, आणि आक्काला ते माहीत आहे. म्हणून ती शिरपाला आंबील देणार नाही, रोज सकाळी भाकरी देईल आणि विचारेल, “चावतीय का?” टोळीला वाटेल जेवणाची चौकशी.

पंचगंगा_काठ:
रडणं काढलं. त्या जागी, सगळे झोपल्यावर, जखमेतून काढलेला तुकडा ती धुऊन धोतराच्या भोकावर ठेवून बघते. उजेडाचं काय? रात्री जाळ लांबून दिसेल.

चिंधी_आणि_मध:
पहाटे, धुक्यात. चिंध्या उकळायलाही तीच वेळ, धूर धुक्यात मिसळतो. अंधारात तुकडा बोटांनी कळेल, पण ओलं कापड ताणलं जातं. वाळल्यावरच जुळवायचं.

पंचगंगा_काठ:
पूर्ण जुळू देऊ?

वेशीबाहेर:
नको. नखाएवढा कमी पडू दे, आणि दुसऱ्या दिवशीची भाकरी जरा जाड थापा.