अनुभव धागा: सिनसिनाटीत राहताना चोरी, भीती आणि शेजार

निशिगंध

माझ्या बहिणीच्या मुलीला अमेरिकेत, ओहायोमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सिनसिनाटीत एमएसला प्रवेश मिळाला आहे. व्हिसा झाला, तिकीट झालं, आणि नेमका तेव्हाच ताईच्या फोनवर इथल्या डाउनटाउनमधल्या मारामारीचा व्हिडिओ आला. जुलै २०२५ चा, देशभर फिरलेला. तेव्हापासून कोल्हापुरात उजाडलं की मला फोन येतो, "अगं, पोरीला धाडू का नको?"

मी इथे चौदा वर्षं राहते. आधी क्लिफ्टनमध्ये होते, आता नॉर्थसाइडला. "काही होत नाही गं" म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि "फार वाईट गाव आहे" म्हणणं तर धादांत खोटं. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती ३ लाख ९ हजार, म्हणजे आपल्या मानाने लहानच. पण त्यात ५२ नेबरहुड्स आहेत आणि रस्ता तोच असला तरी टेकडी उतरली की गाव बदलतं.

म्हणून हा धागा. एकच विनंती: "अमका एरिया बेकार" एवढंच लिहून थांबू नका. काय झालं, किती वाजता, तुम्ही काय केलंत, नंतर काय बदललंत ते लिहा. काहीच झालं नसेल तर तेही लिहा. त्याचीही ताईला गरज आहे.

रात्रपाळी

२०१६ चा ऑक्टोबर. लॅबमधून रात्री दीडला निघालो. घर कॉरीव्हिलमध्ये, चालत अकरा मिनिटं. विद्यापीठाची नाइटराइड गाडी फुकट नेऊन सोडते, पण वीस मिनिटं थांबावं लागणार होतं. नाही थांबलो. कानात इअरफोन, हातात फोन.

दोघं समोरून आले, एक मागून. माझ्याहून लहान असतील. एकाने स्वेटशर्ट वर करून कमरेची बंदूक दाखवली. फोन दिला, पाकीट दिलं. बॅग ओढली तेव्हा मात्र मी पट्टा घट्ट धरला, कारण आत लॅपटॉप आणि लॅपटॉपमध्ये थीसिसचे तीन चॅप्टर. दोन सेकंद धरला असेल, मग सोडला. ते दोन सेकंद आठवले की अजून पोटात गोळा येतो. निशिगंध, भाचीला हे आधी सांगा: काहीही मागितलं तरी देऊन टाकायचं.

समोरच्या घरात दिवा लागला. गाऊनवर कोट घातलेल्या एक वयस्क आफ्रिकन-अमेरिकन बाई बाहेर आल्या, मला आत नेलं, ९११ ला फोन लावला आणि पोलिस येईपर्यंत माझा हात धरून बसल्या. "कोणाला बोलवू?" म्हणून विचारत होत्या आणि मला एकाही मित्राचा नंबर पाठ नव्हता. सगळे नंबर गेलेल्या फोनमध्ये. नाशिकच्या घराचा जुना लँडलाइन तेवढा आठवत होता.

सकाळी विद्यापीठाची ईमेल आली. १९९० च्या क्लेरी कायद्यामुळे कॅम्पसच्या आसपासचा धोका विद्यापीठांना कळवावाच लागतो. चार ओळींत माझी रात्र होती: वेळ, ठिकाण, "तीन कृष्णवर्णीय तरुण". दार उघडणाऱ्या बाई त्या ओळींत नव्हत्या, आणि अशा सूचनेत त्या येणारही नाहीत. पण चार वर्षं मी अशा ईमेली वाचत होतो आणि त्यांतूनच त्या वस्तीची माणसं मनात उभी करत होतो, हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्यावर कळलं.

कडुलिंब

चोरीचा अनुभव नाही, पोलिसांचा आहे. नवीन येणाऱ्याला हा कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

रीडिंग रोडवर मागे निळे-लाल दिवे लागले. पुण्यात मामाने हात केला की आपण गाडी कडेला घेतो, उतरतो, कागद घेऊन त्याच्याकडे जातो. तेच केलं. दार उघडून उतरलो आणि पाकिटासाठी मागच्या खिशात हात घातला. अधिकारी ओरडला तेव्हा त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. माझी बायको गाडीत होती, तिला ते आरशात दिसलं. त्या रात्री ती झोपली नाही.

उतरायचं नाही. इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद कुठे आहेत ते आधी तोंडाने सांगायचं, मगच हात हलवायचा. जून २०२२ पासून ओहायोत परवान्याशिवाय बंदूक लपवून बाळगता येते, त्यामुळे प्रत्येक गाडीत ती असेल असं धरूनच पोलिस पुढे येतो. आणि याच शहरात जुलै २०१५ मध्ये सॅम्युएल ड्युबोसला पुढची नंबरप्लेट नाही म्हणून विद्यापीठाच्या पोलिसाने माउंट ऑबर्नमध्ये थांबवलं आणि काही मिनिटांत गोळी घालून मारलं. दोन खटले झाले, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही. पुढच्या प्लेटची सक्तीच ओहायोने २०२० मध्ये काढून टाकली. हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ सुन्न बसलो होतो.

गोदाकाठ

आम्ही मेसनला, शहराबाहेरच्या उपनगरात. शाळा चांगल्या, रस्ते शांत, आपली माणसं भरपूर. मंडळाच्या दिवाळीला पाच तास घराबाहेर होतो. परत आलो तर मागचं सरकतं दार उचकटलेलं. टीव्ही, लॅपटॉप, काही हललं नव्हतं. थेट बेडरूम, थेट कपाट, थेट सोनं. सासूबाईंच्या पाटल्या, माझी ठुशी, लेकीच्या बारशाच्या बिंदल्या.

डिटेक्टिव्हने पहिला प्रश्न विचारला तो सणाबद्दल. भारतीय घरांत सोनं असतं आणि अमुक दिवशी ती घरं रिकामी असतात हे चोरांना ठाऊक आहे. ह्यूस्टनहून चालणाऱ्या एका टोळीने २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये नावांवरून आशियाई घरं हेरून दरोडे घातले होते. तिच्या म्होरक्या बाईला पुढे ३७ वर्षांची शिक्षा झाली. आमचे चोर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरा धक्का विम्याचा. घराच्या साध्या पॉलिसीत चोरीला गेलेल्या दागिन्यांना बहुधा १,५०० डॉलरच्या आसपास मर्यादा असते. त्यापुढचं हवं तर दागिने वेगळे नोंदवावे लागतात, मूल्यांकनाची पावती लागते. आमच्याकडे फोटोही नव्हते. होते ते लग्नाच्या अल्बमात, ठुशी घातलेले. तेच दिले.

आता सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. कार्यक्रमाचे फोटो घरी आल्यावरच टाकते. आणि पलीकडच्या घरातल्या निवृत्त शिक्षिकेकडे किल्ली असते. त्या दिवशी तिने अंगणात दोन माणसं पाहिली होती, पण आमचे पाहुणे समजून गप्प बसली. सहा वर्षांत आम्ही तिच्याशी हात हलवण्यापलीकडे बोललोच नव्हतो.

बाजाराजवळ

डाउनटाउनला लागून असलेल्या ओव्हर-द-राइनमध्ये सहा वर्षं, फिंडले मार्केटपासून दोन गल्ल्या. एकदा गाडीची काच फुटली. आत जिमची रिकामी बॅग होती. गाड्यांत ठेवलेल्या बंदुकांसाठी काचा फोडतात, असं पोलिसाने सांगितलं. बाकी काही नाही. रोज चालते. गाडीत दिसेल असं काहीही ठेवत नाही, चार्जरची वायरसुद्धा नाही.

बकुळ

गोदाकाठ, तुझं वाचून हळहळले. माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे.

सासरे, आमचे नाना, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. वय ७४. पहाटे फिरायची सवय, अंगात सदरा-लेंगा, कानाला मफलर. आमच्या सबडिव्हिजनमध्ये फुटपाथ अर्ध्यातच संपतो, मग ते रस्त्याकडेने चालत. कुणाचे गुलाब आवडले की थांबून बघत. त्यांचा स्वतःचा गुलाबांचा वाफा आहे घरी.

एका सकाळी ते परत आले ते पोलिसांच्या गाडीतून. कोणीतरी आपल्या दारावरच्या कॅमेऱ्यातलं त्यांचं चित्र शेजाऱ्यांच्या ऑनलाइन गटावर टाकलं होतं, "अनोळखी माणूस घरं न्याहाळतोय" असं लिहून. खाली अकरा उत्तरं. एकाने गाडीत बंदूक तयार असल्याचं लिहिलं होतं. पोलिस अधिकारी खूप समजूतदार होता, नानांना त्याने पाणीही दिलं. पण मला सारखं अलाबामातलं मॅडिसन आठवत होतं. २०१५ मध्ये तिथे मुलाकडे आलेल्या गुजराती आजोबांना, असेच फिरताना, कुणाच्या तरी फोनवरून आलेल्या पोलिसाने जमिनीवर आपटलं होतं आणि त्यांना अर्धांगवायू झाला. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं.

नाना दोन दिवस बाहेर पडले नाहीत. "मी काय चोरासारखा दिसतो का गं?" एवढंच विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन अकरा दारं वाजवली. नऊ उघडली. ज्या बाईंनी चित्र टाकलं होतं त्या रडल्या. नानांच्या खिशात आता नाव, पत्ता आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड असतं. पण मी स्वतःही त्याच गटात होते, हे कबूल करायला हवं. दोन महिन्यांपूर्वी हूडी घातलेल्या एका मुलाच्या चित्राखाली मीच "लक्ष ठेवा" लिहिलं होतं. तो पार्सल पोचवायला आला होता.

जुना सिनसिनाटीकर

मी १९९४ पासून इथे. एप्रिल २००१ मी पाहिला आहे. ओव्हर-द-राइनच्या एका गल्लीत पोलिसाने १९ वर्षांच्या टिमथी थॉमसला गोळी घातली. त्याच्यावर वॉरंट होती ती बहुतेक किरकोळ वाहतूक गुन्ह्यांची, आणि हातात शस्त्र नव्हतं. त्याला धरून सहा वर्षांत पोलिसांच्या हातून पंधरा कृष्णवर्णीय पुरुष मेले होते. शहर पेटलं, संचारबंदी लागली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो. घरी जायला ओळखपत्र दाखवावं लागे. आमच्या ग्रुपमध्ये तेव्हा सगळे एकच म्हणत होते, "त्या लोकांचा एरिया सोडा, बाहेर घर घ्या." बहुतेकांनी घेतलं.

मी राहिलो, कारण माझ्याबरोबर काम करणारा तंत्रज्ञ एव्हॉन्डेलचा होता आणि त्याने मला सभेला नेलं. तिथे त्याच्या आईने सांगितलं की ती मूळची वेस्ट एंडची. केन्यन-बार नावाचा तिचा भाग शहराने १९५० च्या दशकाच्या शेवटापासून पाडून टाकला. सुमारे २५ हजार माणसं उठवली, जवळपास सगळी कृष्णवर्णीय. तिथे आता क्वीन्सगेटची गोदामं आहेत आणि शेजारून आय-७५ महामार्ग जातो. उठलेली कुटुंबं मिळेल तिथे, दाटीवाटीने राहिली. कोयना धरणात घर गेलेल्या माणसांत मी वाढलो आहे. त्या बाई बोलत होत्या तेव्हा मला आमच्या आजीचा आवाज ऐकू येत होता.

२००२ च्या एप्रिलमध्ये पोलिस, शहर आणि नागरिक यांच्यात करार झाला, कोलॅबरेटिव्ह ॲग्रीमेंट. नागरिकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. पोलिसांनी नुसती धरपकड न करता त्या जागी गुन्हा पुन्हा पुन्हा का होतो ते शोधायचं ठरलं. आमच्या कोपऱ्यावर दर शुक्रवारी भांडणं व्हायची. बंद पडलेला दिवा, कुलूप नसलेली रिकामी इमारत आणि रात्रभर चालणारं एक दुकान, एवढ्याची नोंद करून आम्ही कम्युनिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे वस्तीच्या रहिवासी मंडळात, मांडलं. दिवा लागायला चार महिने गेले. पण लागला, आणि शुक्रवार शांत झाले. सगळीकडे असं झालं नाही. मी राहतो तिथे अजूनही उन्हाळ्यात गोळीबाराचे आवाज येतात आणि दरवेळी छातीत धस्स होतं.

चौथा मजला

६ सप्टेंबर २०१८. फाउंटन स्क्वेअरला माझं ऑफिस. सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या बँकेच्या इमारतीच्या लॉबीत एक माणूस शिरून गोळ्या झाडू लागला. तिघं गेले. त्यांतला एक आंध्रचा २५ वर्षांचा इंजिनिअर. पोलिसांनी चार-पाच मिनिटांत हल्लेखोराला मारलं.

आम्ही दिवे बंद करून टेबलांखाली होतो. जास्त लिहिता येत नाही. कोणत्याही इमारतीत गेलो की जिना कुठे आहे ते आधी बघतो. भाचीलाही तेवढी सवय लावा.

नाव नको

इथे सगळे रस्त्याबद्दल लिहीत आहेत. माझ्या बाबतीत गुन्हा घरातच होता. वेस्ट चेस्टर, तीन बेडरूमचं घर, एच-४ व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला. २०१९ च्या एप्रिलमध्ये आमच्याजवळ एका शीख कुटुंबातल्या चौघांना मारलं तेव्हा सगळे म्हणाले, द्वेषातून झालं असणार. मंडळात सुरक्षेवर बैठक झाली. मी तिथे फुल बाह्यांचा ब्लाउज घालून बसले होते, दंडावरचे वळ झाकून. २०२४ मध्ये कोर्टाने त्या घरच्याच माणसाला दोषी ठरवलं.

वीमेन हेल्पिंग वीमेन ही संस्था मी फोन केल्यावर त्याच रात्री धावून आली. दुभाषाही दिला. कोणी वाचत असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३. व्हिसाची भीती घालतात, घाबरू नका, त्यावरही कायद्यात मार्ग आहेत. मी आज नोकरी करते. एकटी राहते, शहरात, आणि रात्री गाढ झोपते.

निशिगंध

प्रत्येकाला वेगळं लिहीन. "नाव नको", तुम्ही लिहिलंत याबद्दल किती आभार मानू.

भाची पोचली. घर क्लिफ्टनमध्ये, लडलो अव्हेन्यूजवळ, दुसऱ्या मजल्यावर. काल संध्याकाळी तिच्याबरोबर कॅम्पसपासून घरापर्यंत दोनदा चालले. एकदा उजेडात, एकदा अंधारात. कोणता दिवा बंद आहे ते तिनेच टिपून शहराच्या तक्रारींच्या ३११ नंबरवर कळवलं. नाइटराइडची नोंदणी झाली. आणि रात्रपाळी, तुमचं वाचून तिच्याकडून तीन नंबर पाठ करून घेतले: माझा, तिच्या रूममेटचा आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मिस डी यांचा. मिस डी तिथे २२ वर्षं राहतात, त्यांनी आपणहून दिला.

ताईने फोनवर तिसरा नंबर दोनदा वाचून दाखवायला लावला आणि कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला.