वयाच्या नावावर टाकलेल्या गोष्टी : झोप, कान, खाणंपिणं. तुमचे अनुभव लिहा

बाबा ७४ वर्षांचे आहेत. घरात गप्पा रंगल्या की मधूनच उठून आत जाऊन बसायचे, विचारलं तर म्हणायचे "दमलो जरा". आम्ही म्हटलं वय झालं. मग एकदा माझी मुलगी म्हणाली, आजोबा काकाला बरोबर उत्तर देतात, मी बोलले की मात्र "काय?" म्हणतात. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. कान तपासले तर खालच्या पट्टीतलं ऐकणं ठीक, वरच्या पट्टीतलं बरंच गेलेलं. वयामुळे आधी हेच जातं, बायकामुलांचे आवाज आणि स, श, फ ही अक्षरं तिथेच येतात, म्हणजे आवाज येतो पण शब्द कळत नाही. दिवसभर अर्धे शब्द मनात जुळवत बसायचे, मग दमणारच ना माणूस. आता श्रवणयंत्र लावतात. मला अजून वाईट वाटतं की ते खरं सांगत होते.

तुमच्याकडे असं काही झालंय का? वय म्हणून सोडून दिलं आणि कारण वेगळंच निघालं? सविस्तर लिहा प्लीज.

*

माझं झोपेचं. वय ५८, रोज रात्री तीनला टक्क जाग. या वयात झोप कमीच होते असं सगळे सांगायचे. गाढ झोप थोडी कमी होते हे खरं आहे, पण माझी संध्याकाळी पाचची कॉफी कोणी धरलीच नव्हती. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे दहाला अंथरुणावर पडताना निम्मं अंगातच. कॉफी दुपारी बारानंतर बंद केली, रात्रीचं जेवण दोन तास अलीकडे आणलं. पहिला आठवडा डोकं दुखलं, नंतर दुखणं थांबलं. आता जाग येते पण परत डोळा लागतो.

*

मिस्टरांचं घोरणं आम्ही वीस वर्षं हसण्यावारी नेलं. मग दिवसा पेंगणं आणि विसरणं सुरू झालं. एका रात्री मी जागीच होते, तर घोरणं एकदम थांबलं, छाती हलतेय पण श्वास नाही, आणि मग जोरात आचका देऊन सुरू. मी मोजत बसले. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी करतात त्यात, कळलं की हे रात्रभर चालतं. आता मास्कचं मशीन लावून झोपतात, वजन उतरवतायत, आणि रात्रीचं ड्रिंक पूर्ण बंद, कारण दारूने घशाचे स्नायू अजून सैल पडतात. घरात कोणी घोरत असेल तर एक रात्र शेजारी जागून ऐका, खरंच सांगते.

*

२७ वर्षं मशीनच्या आवाजात काम केलं, कानात कधी काही घातलं नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास कानाला चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, ८८ ला चारच तास, हे मला रिटायर झाल्यावर कळलं. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. आता सतत शिट्टी वाजते कानात. झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी जास्त जाणवते, म्हणून रात्री पंखा लावून ठेवतो, अगदीच शांत खोली नको वाटते. गोळ्या-पावडरी भरपूर घेतल्या, मला तरी काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले शुगर आणि बीपी सांभाळा, सिगारेट सोडा, आतल्या कानाला रक्त नेणाऱ्या नसा फार बारीक असतात. सिगारेट सोडली. तरुण मुलांनो, हेडफोनचा आवाज कमी करा रे.

*

धागा वाचून रडू आलं. आईचं श्रवणयंत्र कपाटात पडून आहे, "कटकट होते" म्हणते. धागाकर्त्या ताई, तुमच्या बाबांना सवय कशी लागली?

*

ताई, आमच्या बाबांनीही पहिल्या दिवशी यंत्र काढूनच ठेवलं होतं. पेपरचं पान उलटलं तरी दचकायचे. मेंदू ते आवाज विसरलेला असतो, परत ओळख व्हायला काही आठवडे जातात. आम्ही रोज एकच तास, शांत खोलीत, समोर एकच माणूस, असं सुरू केलं आणि वेळ हळूहळू वाढवत नेला. आवाज टोचत होता म्हणून दोनदा सेटिंग बदलून आणलं, ते नक्की करा, तसंच दामटू नका. दीड महिना लागला. काल नातीशी फोनवर वीस मिनिटं बोलले, आणि मध्ये एकदाही "ती काय म्हणतेय?" म्हणत फोन माझ्याकडे दिला नाही.