मदत हवी आहे: बागेत ब्लोअरवर चाललेला जुना छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय, बघताना काय काय तपासू?

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे आणि थोडी घाई आहे.

दिंडोरी तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन जात, वायवर (वाय आकाराच्या मांडवावर), दोन ओळीत नऊ फूट. बाग वडील बघतात, मी अंबडला कंपनीत, सुट्टीच्या दिवशी शेतावर. फवारणी आजवर गावातल्या एकाच्या ब्लोअरवर (ट्रॅक्टरमागे लावायचं फवारणीचं यंत्र) टाकीच्या हिशोबाने करून घेतोय. एरवी चालून जातं पण गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) एकदा का पाऊस झाला की अख्ख्या गावाला एकाच दिवशी ब्लोअर पाहिजे असतो आणि डाऊनी (पानावरचा बुरशीचा रोग) काय आपला नंबर लागायची वाट बघत नाही. मागच्या हंगामात फोन करकरून थकलो, तो येईस्तोवर पानावर तेलकट डाग पडायला लागले होते. तेव्हापासून वडिलांनी धोसरा लावलाय की आपला स्वतःचा ट्रॅक्टर पाहिजे.

नवा झेपणार नाही कारण ब्लोअरपण घ्यायचाय. वणीकडे एकाचा २४ एचपीचा फोर व्हील (चारही चाकांना ओढ असलेला) आहे, २०२० चा, मीटरवर ११०० तास, सव्वातीन लाख सांगतोय, ब्लोअर त्यात नाही. (कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल.) मालक म्हणतो फक्त फवारणीलाच वापरलाय, रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) कधी लावलाच नाही, घरच्या माणसासारखा सांभाळलाय. फोटो आले ते मोठे करून बघितले तर बॉनेट एकदम चकाचक, पण सीटखालच्या वायरींच्या टोकांना हिरवट थर आणि मागच्या रिमच्या कडेला पापुद्रे सुटलेले. हे साधं आहे का यात काही गोम आहे?

दुसरं म्हणजे आरसी त्याच्या वडिलांच्या नावावर आहे आणि ते गेल्या वर्षी वारले. आरसीवर बँकेचा बोजापण दिसतोय. हा म्हणतो कर्ज केव्हाच फिटलंय, तुम्ही इसार देऊन टाका, कागदाचं मागाहून बघू. आत्तापर्यंत बाईक सोडून जुनी कुठलीच गाडी घेतलेली नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. सोबत मिस्त्री नेणार आहे पण तो मोठ्या ट्रॅक्टरचं काम करतो. बघायला गेल्यावर आपण स्वतः काय बघायचं, काय विचारायचं, आणि कशावरून ओळखायचं की इथून उठून घरी यावं?

गॅरेजवाला:
दादा, "फक्त फवारणीलाच वापरलाय" हे तो कौतुकाने सांगतोय पण मेख तिथेच आहे. ब्लोअरला पीटीओ (ट्रॅक्टरमागचा अवजार फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवायला लागतो म्हणजे इंजिन तासन् तास चढ्या रेसवर, तेपण ओळीत हळूहळू चालत, त्यामुळे वारा लागत नाही, आणि मागून औषधाचं धुकं अंगावर. तुम्ही बघितला तो हिरवट थर म्हणजे तांब्याला चढलेला गंज, मोरचूद आणि गंधकाच्या फवारणीत चाललेल्या गाडीला तो येतोच. नुसत्या थराला घाबरू नका, त्याच औषधाने रेडिएटरची जाळी खाल्ली आहे का ते बघा. समोरची जाळी काढून बोटाने पात्या हळूच दाबा, भुगा पडला तर रेडिएटर गेला समजा आणि भाव तिथूनच पाडायला सुरुवात करा.

आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईस्तोवर चालू करायचा नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर त्याने आधीच तापवून ठेवलाय, म्हणजे थंडीत उचलत नाही हे त्यालाच माहिती आहे. थंडच असेल तर चालू करायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना चुकूनही उघडू नका, तोंड भाजेल), पाण्यावर तेलाचा तवंग नको. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ नको. मग स्टार्ट. सुरुवातीला थोडा धूर सगळेच मारतात, पण गरम झाल्यावरपण निळा येत राहिला तर ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचं काम. लोड दिल्यावर काळा जास्त येत असेल तर आधी एअर फिल्टर बघा मग नोझल. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा, तिथून भकाभका वाफ बाहेर पडत असेल तर इंजिन बांधायला आलंय.

आणि खरी परीक्षा ब्लोअर लावून. टाकी फुल पाण्याने भरा, अर्धा तास पीटीओ चालू ठेवून चालवा आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा. रस्त्यावर मोकळा पळवला तर कुठलापण ट्रॅक्टर छानच वाटतो.

मी (धागाकर्ता):
खूप उपयोगी, धन्यवाद. ते मीटरचं काय, ११०० तास खरे असतील का? आणि फोर व्हीलचं वेगळं काही बघायचं असतं का?

गॅरेजवाला:
मीटर बदलून मिळतो त्यामुळे मीटरपेक्षा पायाकडे बघा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का नवीन टाकलंय, सीट फाटून परत शिवली का, स्टिअरिंगवरची नक्षी उडाली का. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. २०२० च्या गाडीला ३२२३ चे टायर असतील तर ते २०२३ चे, म्हणजे पहिला सेट तीन वर्षांत घासला, मग ११०० तासाची गोष्ट कुठे जुळते? विचारा त्याला. सर्व्हिस झाली असेल तर चेसिस नंबरवरून शोरूमला नोंद सापडते, तिथे तास लिहिलेले असतात. आणि गावात टपरीवर चहा घेता घेता सहज विचारा की हा भाड्याने फवारणी करत होता का. तिथे जे कळतं ते मालक सांगणार नाही.

फोर व्हीलला पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल गळतंय का बघा, सील गेलं असेल तर आत माती जाऊन गिअर खाते. पुढचं चाक उचलून हलवून बघा, खुळखुळ नको. पुढचे टायर कंपनीने दिलेल्याच मापाचे आहेत ना हे बघा, कारण फोर व्हीलला पुढच्या मागच्या मापाचा मेळ असतो, कोणी स्वस्तातले दुसऱ्या मापाचे टाकले असतील तर सगळा ताण गिअरवर येतो. लिफ्टला वजन लावून उचला, इंजिन बंद करा आणि गप्पा मारत बसा. वजन बघता बघता खाली आलं तर लिफ्टचं काम निघणार.

निफाडची बागायतदार:
भाऊ, ट्रॅक्टर नंतर, आधी टेप घेऊन स्वतःच्या बागेत जा. नऊ फूट हे खोडाखोडातलं अंतर झालं, वरून वायचे हात आणि शेंडे खाली आल्यावर किती जागा उरते ते मोजा. आमच्याकडे घेतला तेव्हा रुंदीचं सगळ्यांनी बघितलं, उंचीचं कोणी बघितलं नाही. सायलेन्सर वर उभा असेल तर पानं आणि घड भाजतात, बागेच्या गाडीला तो खाली वळवलेलाच पाहिजे. ओळ संपली की बांधापर्यंत किती जागा सोडलीय, तिथे ताणाच्या तारा कुठे आहेत तेपण बघा, मागे ओढायचा ६०० लिटरचा ब्लोअर असेल तर वळताना रडवतो. लिफ्टवर बसणारा घेणार असाल तर या एचपीच्या बऱ्याच गाड्यांची लिफ्ट ७५० किलोच्या आसपास असते आणि ४०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच ४०० किलो, ब्लोअरचं वजन वेगळं. चढावर पुढचं तोंड हलकं होतं, वजनं लावायला लागतात. ती वजनं मालकाकडे असतील तर सोबत मागून घ्या, विकत घ्यायला गेलं की कळतं केवढ्याला पडतात.

भावाचं म्हणाल तर सव्वातीन मला जास्त वाटतंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, नवीनची किंमत उतरली. जुने विकणारे बरेच जण अजून आधीच्या नवीन किमतीचाच हिशोब धरून बसलेत. त्याच मॉडेलचं नवीन कोटेशन खिशात घालून जा, बोलायला बरं पडतं. टायरवरचापण जीएसटी कमी झालाय, त्यामुळे टायर बदलायचे असतील तर तो खर्च आजच्या भावाने धरा.

आरटीओच्या चकरा:
इंजिनचं सगळे सांगतील, मी कागदाचं सांगतो. इसार देऊ नका. एक रुपयासुद्धा नाही.

गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर आहे म्हणजे आजच्या तारखेला तुम्हाला सही करून विकणारा कायद्याने कोणी नाहीच. आधी फॉर्म ३१ भरून ती मुलाच्या नावावर झाली पाहिजे, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. बहिणी आहेत का विचारा, इथेच अडतं. ते झाल्यावर तो तुम्हाला फॉर्म २९ आणि ३० वर सही देऊ शकतो. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. कर्ज फिटलं असेल तर एनओसी घरात असेलच, फोटो टाक म्हणा, बघू किती वेळात येतो. परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकला की बोजा आणि विम्याची तारीख दिसते, घरबसल्या बघून घ्या. अनुदानात घेतलेला असेल तर काही वर्षं विकायचा नाही अशी अट असते, तेपण विचारा. जागेवर गेल्यावर चेसिसवर कोरलेला नंबर चिंधीने पुसून आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, नुसत्या पत्र्याच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. पंचवटीत पेठ रोडला आरटीओत चकरा मारायच्या तर मालकाला मारू द्या, नावावर होईस्तोवर पैसे तुमच्या खात्यात राहू द्या.

मी (धागाकर्ता):
सगळ्यांचे आभार. ताई, टेप घेऊन वडिलांनाच पाठवलं बागेत. शेंडे धरून जेमतेम सहा फूट मोकळे मिळतायत, ट्रॅक्टर आरामात जाईल, ब्लोअर वळवायला मात्र पूर्वेकडची दोन झाडं काढावी लागतील म्हणतात आणि त्यावरून घरात वेगळाच वाद सुरू झालाय.

मालकाशी बोललो. बहिणी दोन आहेत, एक सिन्नरला, सही देतील म्हणतो. एनओसी "शोधून पाठवतो" म्हणाला ती अजून आलेली नाही. मी सरळ सांगितलं की नाव लागल्याशिवाय इसार नाही, तर म्हणे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असू दे. टायरचे आकडे विचारले तर म्हणतो पुसले गेलेत, दिसत नाहीत, या तुम्ही बघायला.

रविवारी सकाळी जातोय. अडचण एकच, त्याने ब्लोअर मागेच विकून टाकलाय त्यामुळे लोडवर चालवून बघायचं कसं? वणी, लखमापूर भागात कोणाचा ब्लोअर तासाभरासाठी मिळेल का? पाणी, भाडं, डिझेल सगळं माझं.

गॅरेजवाला:
मिळेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्या बाजूला माझं एक गिऱ्हाईक आहे. फक्त निघायच्या आधी त्याची जोडशाफ्ट या ट्रॅक्टरच्या पीटीओला बसते का आणि लांबी जुळते का विचारून घ्या. लांब पडली तर लिफ्ट उचलताना आत ठोकते आणि दोघांचंपण नुकसान होतं. आणि झाडं काढू नका हो, आधी ब्लोअर कुठला घ्यायचा ते ठरू द्या.